शंभरातील अठरा : कायदे कौन्सिलातील बाबासाहेब

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला विषय दिला आहे 'बाबासाहेब आणि शिक्षण'. हा विषय एका तासाचा नव्हे, एका जन्माचा आहे. म्हणून मी त्यातला एकच भाग घेणार आहे. बाबासाहेबांनी महाविद्यालये काढली, वसतिगृहे काढली, हे आपण दर जयंतीला ऐकतो. परंतु कायदेमंडळाचे सभासद म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत आमदार म्हणून, त्यांनी शिक्षणासाठी सभागृहात काय मागितले, हे आपल्या व्याख्यानांतून फारसे येत नाही. 'शिका, संघटित व्हा' हे कमानीवर लिहिणे सोपे असते. अर्थसंकल्पातील शिक्षणाच्या मागणीवर आकडे मांडून मंत्र्याला जाब विचारणे, हे कमानीवर मावत नाही.

मी बँकेतला कारकून. दिवसभर आकड्यांत असतो. त्यामुळे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड हातात आला, तेव्हा मी त्यातल्या आकड्यांवरच अडकून पडलो. आजचे माझे बोलणे बहुतेक त्याच आकड्यांभोवती फिरणार आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९२३ साली ४ ऑगस्टला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या चवदार तळ्याशी हा ठराव जोडलेला आहे म्हणून पाण्याचा भाग आपल्या लक्षात राहिला, शाळेचा भाग विसरला गेला. वास्तविक दोन्ही एकाच कागदावर होते. ठराव झाला, पण अंमल होईना. तेव्हा १९२६ साली बोले यांनीच पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे याची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान सरकारने बंद करावे. दरवाजा कागदावर उघडला होता. उंबरठ्यावर माणसे उभीच होती.

अशा वेळी, १९२६ च्या अखेरीस, गव्हर्नरांनी बाबासाहेबांना कौन्सिलात सभासद नेमले. निवडून आलेले नव्हेत, नेमलेले. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली. वय पस्तीस. आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या मागणीवर ते बोलावयास उभे राहिले. पुढे आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला तळ्याचे पाणी हातात घेणार होते. महाडचा दिवस आपण साजरा करतो. १२ मार्च कोणाच्या दिनदर्शिकेत नाही.

त्या भाषणात त्यांनी काय सांगितले? पहिला हिशेब पैशांचा. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर दर माणशी चौदा आणे खर्च करते, आणि त्याच माणसाकडून अबकारीच्या रूपाने, म्हणजे दारूच्या करातून, दोन रुपये तीन आण्यांच्या आसपास वसूल करते. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की निदान जेवढे तुम्ही दारूतून लोकांकडून घेता तेवढे तरी शिक्षणावर त्यांना परत द्या. मागणी केवढी साधी! पण असा हिशेब मांडल्यावर सरकारी बाकावरच्या माणसाला उत्तर देणे अवघड जाते. बँकेत आम्ही जमा आणि नावे या दोन बाजू शेजारी शेजारी लिहितो, त्यातलाच हा प्रकार. एकच बाजू पाहिली तर कोणतेही खाते चांगले दिसते.

दुसरा हिशेब मुलांचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत पोहोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी मुले मधेच गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात. बाबासाहेबांनी सभागृहाला सांगितले, की प्राथमिक शिक्षणाचा हेतूच मुळी असा आहे, की शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे. पुढच्या आयुष्यात त्याची अक्षरे पुसली जाऊ नयेत. नुसते दाखल झालेल्यांचे आकडे दाखवून समाधान मानू नका, बाहेर किती पडले ते मोजा.

हे मी बँकेच्या भाषेत सांगतो, विद्यार्थ्यांनी हसू नये. शंभर जणांना कर्ज वाटले आणि वसुली अठरांचीच झाली, तर त्या शाखेच्या मॅनेजरची बदली कुठे होईल ते देवही सांगू शकणार नाही. शाळाखात्याचे मात्र वर्षानुवर्षे अहवाल निघत होते, आणि त्यात कर्जवाटपाचा आकडा तेवढा ठळक असे.

वेगाचाही हिशेब त्यांनी मांडला. ज्या गतीने काम चालू आहे त्या गतीने शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शिक्षणाखाली यायला चाळीस वर्षे लागतील, आणि मुलींना तीनशे. आज समोर बसलेल्या आमच्या भगिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९२७ मध्ये तीनशे मिळवा. २२२७ साल येते.

तिसरी गोष्ट फीची. कला महाविद्यालयांच्या खर्चातील ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चातील ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चातील २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून उभी राहते, हे त्यांनी दाखवून दिले, आणि हा शिक्षणाचा व्यापार आहे असे स्पष्ट म्हटले. लक्षात घ्या, हे १९२७ साल आहे. खाजगी शाळांच्या देणग्या, इंटरनॅशनल स्कुले, कोचिंग क्लास, यांचा आजच्यासारखा बाजार तेव्हा नव्हता.

चौथा आकडा फार बोलका आहे. त्यांनी इलाख्याच्या लोकसंख्येचे चार भाग केले : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मध्यम वर्ग म्हणजे ब्राह्मणेतर, आणि मागासवर्ग. मग विचारले, प्रत्येकी दोन लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात किती विद्यार्थी आहेत? पुढारलेल्या हिंदूंचे एक हजार. मुसलमानांचे बावन्न. मध्यम वर्गाचे चौदा. मागासवर्गाचे? शून्य, फार तर एक. लोकसंख्येत ज्यांचा क्रमांक दुसरा, ते शिक्षणात शेवटचे. हे सांगताना त्यांनी केवळ आपल्या जातीची बाजू मांडली असे नाही. मुसलमानांचा आणि ब्राह्मणेतरांचाही आकडा त्यांनी तितक्याच काळजीने मांडला. ज्यांना वाटते बाबासाहेब एका समाजाचे पुढारी होते, त्यांनी हे एक भाषण तरी वाचावे.

आता पाचवा मुद्दा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण यात आपल्याला आजही काही करण्यासारखे आहे. अस्पृश्य मुलांना सरकार ज्या शिष्यवृत्त्या रोख देत होते, तो पैसा वाया जातो, असे बाबासाहेबांनी भर सभागृहात सांगितले. ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले असेल. स्वतः बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेला माणूस असे म्हणतो? पण त्यांचे कारण व्यवहाराचे होते. आईबाप गरीब आणि अडाणी. महिन्याचे ते दोन-चार रुपये घरखर्चात जिरतात. आणि मूल राहते त्या घरात अभ्यासाला पोषक असे काहीच नसते. त्यापेक्षा तीच रक्कम वसतिगृहांवर खर्च करा, असे त्यांचे सांगणे. पैसे मुलाच्या हातात पडण्यापेक्षा मूल अभ्यासाच्या जागेत पडले पाहिजे.

हे ते नुसते बोलले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सोलापूरचे वसतिगृह १९२५ मध्येच सुरू झाले होते. १९२८ मध्ये सरकारने मागासवर्गीय हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली. त्यांचे अनुदान पुरत नसे, आणि बाबासाहेबांना देणग्यांसाठी दारोदार फिरावे लागे. त्याच वर्षी सरकारने स्टार्ट समिती नेमली, तीत ते सभासद होते. १९३० मध्ये आलेल्या तिच्या अहवालातही वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या वाढविण्याची शिफारस आहे. पुढे १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा त्यांनी उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, शिष्यवृत्त्या मागितल्या आणि मिळविल्या. १९४४-४५ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही त्याच प्रयत्नांची पुढची पायरी. यात विसंगती नाही. लहान वयाला छप्पर आणि शिस्त, मोठ्या वयाला पैसा, असा तो विचार होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हा शिक्षणाच्या बाबतीत अगदी कोरडा जिल्हा नव्हता. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून इथे काम केले, सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि मिशनच्या शाळांतून अस्पृश्यांची काही मुले लिहावाचायला शिकली. पण खेड्यातल्या महाराच्या पोराची गोष्ट वेगळी होती, आणि ती शाळेच्या दारापाशी सुरूच होत नव्हती. ती वतनापाशी सुरू होत होती. वतनदार महाराला चोवीस तास सरकारी चाकरी. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही बोलावणे येई. ज्या घरावर असा हक्क गावाचा आहे, त्या घरातले मूल रोज अकरा ते पाच शाळेत बसेल कसे? मी तरी बाबासाहेबांच्या १९२८ च्या वतन दुरुस्ती विधेयकाला शिक्षणाचेही विधेयक समजतो. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी ते कौन्सिलात मांडले. १८७४ च्या कायद्यात बदल करावा, चाकरीची सक्ती ढिली व्हावी, हा हेतू. विधेयकाची इतकी छाटाछाट होऊ लागली, की १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले.

वतनाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने निवडणूक लढविली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातून प्रभाकर जनार्दन रोहम असेंब्लीत निवडून गेले. आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत नसते, याचे मला वाईट वाटते. आणि डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच हरेगावला, साखर कारखान्याच्या त्या गावी, महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला बाबासाहेब आले. हरेगावला आपण आजही जातो. वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. कौन्सिलातील पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे.

स्वातंत्र्यानंतर नगर जिल्ह्यातली आपली मुले वसतिगृहांच्याच आधाराने पुढे गेली. कोणी रयतच्या बोर्डिंगात राहिले, कोणी बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात गेले. अकोल्याचे दादासाहेब रूपवते आमदार आणि मंत्री झाले. बहुजन शिक्षण संघाच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. या सभागृहातील पन्नाशी-साठीच्या कितीतरी मंडळींनी कोणत्या ना कोणत्या बोर्डिंगात ताट-वाटी घासली आहे. माना हलताहेत, म्हणजे माझे बरोबर आहे.

संविधान सभेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मसुद्यातल्या कलमात आरंभी असे होते, की मोफत प्राथमिक शिक्षण हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांची दुरुस्ती आली, की हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत बसते, म्हणून हक्काचे शब्द काढावेत. बाबासाहेबांनी ती स्वीकारली. हे आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच दिवशी दुसरी दुरुस्ती होती, 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द घालण्याची. ती त्यांनी फेटाळली. त्यांचा युक्तिवाद असा : चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचे नाही असे आपण मूलभूत हक्कांत लिहिले आहे, मग चौदा वर्षांपर्यंत ते मूल कुठे असणार? शाळेतच असले पाहिजे. म्हणून मर्यादा प्राथमिकची नको, चौदा वर्षांची हवी. दहा वर्षांत हे साध्य करावे असे कलम ४५ मध्ये लिहिले गेले. म्हणजे १९६० पर्यंत. १९४८ मध्ये काढलेला 'हक्क' कलम २१-क च्या रूपाने परत आला तो २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने, शिक्षण हक्क कायदा झाला २००९ मध्ये, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. हिशेब तुम्हीच करा.

मग आज काय? आज दाखल होण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. वाडीवस्तीवर शाळा आहे, पुस्तके फुकट, दुपारचा आहार आहे. पण शंभरातले अठरा हा आकडा मेला असे समजू नका, त्याने वेश बदलला आहे. तेव्हा मूल शाळा सोडून जाई आणि अक्षर विसरे. आता मूल शाळेतच बसलेले असते, आणि अक्षर आलेले नसते. 'असर' या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो, की ग्रामीण भारतात तिसरीच्या शंभर मुलांपैकी साधारण सत्तावीस मुलांनाच दुसरीचा धडा वाचता येतो. पाचवीतही हे प्रमाण निम्म्याच्या आतच आहे. वरच्या वर्गात ढकलत नेण्याच्या धोरणावर एवढी टीका झाली, की आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला परीक्षा पुन्हा आणली. नापास केल्याने वाचता येते असे मला वाटत नाही; पण निदान कोणाला येत नाही ते तरी कळते.

खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागांचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला, की सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेने या जागा देण्याची गरज नाही. पालक न्यायालयात गेले, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. बोले ठरावाचे जे झाले तेच इथे होता होता राहिले : दरवाजा कायद्याने उघडायचा आणि नियमाने लोटून घ्यायचा.

परंतु माझ्या दृष्टीने आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बाजूचा आहे. दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून ऊसतोड कामगार कारखान्यांवर जातात. कोयत्याची जोडी जाते, मागोमाग मूल जाते. पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली दहा वर्षांची मुलगी ही आजच्या वतनाची चाकरी करते आहे, फरक इतकाच की हुकूम गावकामगाराचा नाही, मुकादमाच्या उचलीचा आहे. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर आहेच. १९४८ मधल्या त्या युक्तिवादात नेमकी हीच मुलगी होती. तिच्यासाठी उपाय आहे, तो म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप गेले तरी मूल गावात राहावे, त्याचे जेवण-राहणे तिथेच व्हावे. जिथे ते वेळेवर सुरू होते आणि नीट चालते, तिथे मूल टिकते. जिथे निम्मा हंगाम उलटल्यावर मंजुरी येते, तिथे मूल आधीच गाडीत बसलेले असते.

मोठ्या मुलांसाठी राज्यात २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण-राहण्याचे पैसे खात्यात. मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत. योजना चांगली आहे, ती बंद व्हावी असे कोणी म्हणणार नाही. पण काउंटरच्या अलीकडे बसून मी जे पाहतो ते सांगतो. मुलगा आधार जोडायला येतो, केवायसीला येतो, पुन्हा पासबुक भरून घ्यायला येतो, आणि पासबुकात काहीच उमटलेले नसते. खोलीमालक तोवर थांबत नाही. काहींचे पैसे वर्ष संपल्यावर जमा होतात, तेव्हा त्यातून उधारी फिटते, शिक्षण होऊन गेलेले असते, नाहीतर सुटलेले असते. अशा वेळी मला १९२७ चे ते भाषण आठवते. वसतिगृहातली खाट उशिरा जमा होत नाही. म्हणून माझे मत असे, की आपल्या निवेदनांत आपण रकमेत वाढ मागतो तेवढ्याच जोराने नवीन वसतिगृहे आणि आहे त्यांत खाटांची संख्या मागितली पाहिजे.

आता मंडळाला एक काम सुचवितो आणि थांबतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या पैकी कितीतरी जण अशा समित्यांवर आहेत. सह्या घरी येतात आणि आपण करून देतो, हे बंद करू. पुढच्या सभेला जाताना दुसरीचे मराठीचे पुस्तक बरोबर न्यावे. गुरुजींशी भांडू नये, त्यांच्याकडे आधीच कामांचा डोंगर आहे. त्यांच्याच मदतीने चौथीच्या मुलांना एकेक करून एक धडा वाचायला द्यावा. किती मुले होती आणि किती जणांना वाचता आले, हे दोन आकडे लिहून आणावेत. पाथर्डी-शेवगावकडच्या सभासदांनी तिसरा आकडाही आणावा : दिवाळीनंतर किती मुले वर्गात उरली. मंडळाच्या कार्यालयात त्यासाठी मी एक वही ठेवतो आहे, रकाने आखून ठेवले आहेत. पुढच्या वर्षावासात ती वही याच व्यासपीठावरून वाचून दाखवू, आणि तिची प्रत आपापल्या आमदारांच्या हातात देऊ.

जयभीम.